रुसलेला आड

दर बुधवारी संध्याकाळी माझ्या ताईच्या लॉन्ड्रीच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नसे. भिंतीवर माणसं, इस्त्रीच्या टेबलावर माणसं, चादरी भिजवायच्या हौदात उभी राहिलेली माणसं, आणि मधोमध आडाच्या कठड्यापाशी गादीवर बसलेले पाणीवाले बाबा. हातात पितळी टोकाची काठी, तोंडासमोर मायक्रोफोन. आड म्हणजे अरुंद, खोल विहीर. दिवसभर त्यात डोकावलं तर तळाशी नुसती ओल चमकायची. पण बाबांनी काठी आपटून डोळे मिटले आणि मंत्र पुटपुटायला सुरुवात केली, की थोड्या वेळाने पाणी चढू लागायचं. आडात एक बांबू सोडला होता आणि त्यावर काळे पट्टे मारले होते. एकेक पट्टा पाण्याखाली जायचा तसतसा अंगणातून "अहाहा" असा आवाज उठायचा. हातभर पाणी चढलं की बाबा डोळे उघडायचे आणि आत्ताच डुलकी काढून उठल्यासारखे विचारायचे, "आलं का रे?"

तुम्ही म्हणाल, हा माणूस बुवाबाजीच्या विरोधात लिहायला बसलाय आणि पहिल्याच दमात पाणी चढलं म्हणतो. तर हो, चढायचं. मी या डोळ्यांनी पाहिलंय. जे दिसतं ते दिसत नाही म्हणण्यात काही शहाणपण नाही. प्रश्न एवढाच होता, की ते चढवत कोण होतं.

मी आइस्क्रीमवाला. बसथांब्यासमोर माझं दुकान आहे, शिवाय एक घंटा लावलेली हातगाडी आहे. सगळे मला गारेगार म्हणतात. ताई म्हणते, याचा धंदा थंड आणि डोकं गरम. खोटं नाही ते. मला भोंदूगिरी दिसली की कानशिलं तापतात.

तो आड माझ्या दाजींनी खोदलेला. त्यांना दगड फोडायचा नाद होता. लॉन्ड्री सुरू केली तेव्हा अंगणातल्या वाळूच्या दगडात पहार आणि घण घेऊन ते महिनोन्‌महिने उतरत राहिले, आणि एक दिवस तळाच्या भेगेतून पाणी आलं तेव्हा चिखलाने माखलेल्या अंगाने वर येऊन ताईला म्हणाले, "घे. आता कपडे धू आयुष्यभर." दोन वर्षांपूर्वी दाजी गेले. त्यानंतर वर्षभरातच पाणी आटायला लागलं. लॉन्ड्रीत पाणी नाही म्हणजे काय, ते मी सांगायला नको. चादरींचे गठ्ठे तसेच पडून राहू लागले, हॉटेलवाल्यांनी दुसरीकडे कपडे टाकायला सुरुवात केली, आणि ताई रोज सकाळी आडात डोकावून गप्प बसू लागली.

अशात हे बाबा उगवले. आडाभोवती एक फेरी मारली, दगडाला कान लावला आणि ताईला म्हणाले, "ज्यानं हा आड खोदला, तो तुझ्यावर रुसलाय. त्याची एक वस्तू तू घराबाहेर घालवलीस."

ताई पांढरीफटक पडली. दाजींची पहार आणि घण तिने भंगारवाल्याला देऊन टाकले होते. डोळ्यासमोर नकोत म्हणून दिले होते. आता मला सांगा, नवरा गेल्यावर कोणत्या घरातून त्याची एखादी वस्तू बाहेर जात नाही? कोणाचा कोट जातो, कोणाची सायकल, कोणाचे बूट. हा बाण कुठेही मारा, लागतोच. पण ज्याच्या काळजात लागतो त्याला ते कसं कळणार? बाबांनी मग पाताळाची सात दारं आणि सात कुलपं यांचं दळण दळलं. दर बुधवारी एकेक कुलूप उघडेन म्हणाले. आणि खरोखर, पहिल्याच बुधवारी पाणी चढलं. रात्रीपर्यंत उतरलं ते वेगळं. उतरलं की ताईचा दोष, चढलं की बाबांची कृपा, असा त्यांचा हिशोब होता.

मी शहाणपणा करायला गेलो आणि तोंडावर पडलो, तेही सांगतो. तिसऱ्या बुधवारी मी भर गर्दीत उभा राहिलो आणि म्हणालो, जमिनीखालचं पाणी म्हणजे एक मोठा तलाव. इथे चढलं तर भिंतीपलीकडे सुतारकाकांच्या विहिरीतही चढलंच पाहिजे. तिथेही चढलं असेल तर हा निसर्ग, बाबांचा काही संबंध नाही. चला बघायला. सगळा लोंढा सुतारकाकांच्या अंगणात गेला. काकांनी कुतूहलाने आधीच विहिरीच्या भिंतीवर खडूने खूण करून ठेवली होती. पाणी त्या खुणेपासून बोटभरही हललं नव्हतं. इकडे दहा पावलांवर हातभर चढलेलं आणि तिकडे ढिम्म.

बाबा गोड हसले. मायक्रोफोन जवळ ओढून म्हणाले, "बाळा, दगडाला विचार. तो तुला उत्तर देईल."

हशा पिकला. माझ्या गाडीवरचं आइस्क्रीम त्या दिवशी वितळलं असतं तर ते माझ्या डोक्याच्या उष्णतेने. पण खरा घाव पुढेच होता. गर्दी पांगल्यावर ताई म्हणाली, माझी थोडी शंका होती ती तू घालवलीस. पाणी फक्त आपल्याच आडात येतं, म्हणजे राग फक्त माझ्यावरच आहे. बाबा म्हणतात, हे अंगण त्यांच्या हाती दिलं, इथे मठ झाला, की शेवटचं कुलूप उघडेल आणि तुझ्या दाजींना शांती मिळेल. पुढच्या बुधवारी सगळ्यांसमोर मी अंगणाची किल्ली देणार आहे.

म्हणजे लॉन्ड्री बंद. वरची खोली गेली, हौद गेले, दाजींचा आड गेला. ताई माझ्या दुकानामागच्या खोलीत राहणार आणि कोणाच्या तरी दुकानात उभं राहून इस्त्री करणार. मी खूप बोललो, हात जोडले. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. घडी मोडली की पुन्हा घालायची, पण मान वर करायची नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तशी माझी गत झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फाच्या कारखान्यातून लादी आली आणि उरलेला राग मी त्या लादीवर काढला. कारण लादी पुन्हा पोकळ होती. वरून काचेसारखी, मधे भुसभुशीत पांढरी, दुपारपर्यंत निम्मी पाणी. गेले काही आठवडे हेच चाललं होतं. इतर दिवशी लादी ठणठणीत यायची, फक्त गुरुवारची अशी. मी टोच्या घेतला आणि तिच्या मधोमध दणका हाणला. लादी आडवी तडकली पण फुटली नाही. त्या धांदलीत माझं कोपर लागून लाल सरबताचा जग तिच्यावर उलटला.

दुकानात तेव्हा एकच गिऱ्हाईक होतं, शाळेतल्या भूगोलाच्या बाई. ताईची जुनी मैत्रीण. कपडे ताईकडेच टाकायच्या, पण बाबा आल्यापासून बुधवारी तिकडे फिरकत नसत, चिडचिड होते म्हणून. त्या आइस्क्रीम खाता खाता उठल्या आणि म्हणाल्या, "पुसू नका. थांबा, पुसू नका."

मी फडकं हातात धरून थांबलो. लाल सरबत लादीवर पसरलं नव्हतं. ते तडकलेल्या भेगेत शिरलं, भेगेतून सरसर धावत गेलं आणि लादीच्या पार दुसऱ्या टोकाला येऊन माझ्या पायावर टपकायला लागलं. भेगेला लागून दोन बोटांवरचा बर्फ मात्र पांढराशुभ्र, त्याला लाल रंगाचा ठिपकाही नाही.

बाई म्हणाल्या, "काल तुम्ही तलाव म्हणालात असं ऐकलं, तिथे चुकलात. आपल्या पायाखाली तलाव नाही, ही लादी आहे."

मग त्यांनी मला शाळेमागच्या बंद पडलेल्या खाणीत नेलं. तिथे वाळूच्या दगडाची कापलेली उभी भिंत आहे, पुस्तकात त्याला वालुकाश्म म्हणतात. त्या भिंतीत वरपासून खालपर्यंत भेगा होत्या, आणि सगळ्या एकाच दिशेने निघालेल्या. बाई सांगत होत्या आणि मी हात लावून बघत होतो. दगडाच्या अंगातून पाणी झिरपतं, पण गोगलगायीच्या चालीने. भेग सापडली की ते पळतं. म्हणून लांबच्या दोन विहिरी एकाच भेगेवर असतील तर एकीचं दुखणं दुसरीला लगेच कळतं. आणि शेजारची विहीर त्या भेगेवर नसेल, तर तिला खबरही नसते. सुतारकाकांची विहीर तशी. मी भेगांच्या रेषेत मान वळवून पाहिलं. एका बाजूला खाली ताईच्या लॉन्ड्रीचं छप्पर होतं आणि दुसऱ्या बाजूला, पार टेकाडापलीकडे, बर्फाच्या कारखान्याची टाकी.

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. बुधवारी आडात पाणी, गुरुवारी माझी लादी पोकळ.

आम्ही तडक कारखान्यात गेलो. मालक माझं जुनं गिऱ्हाईक आणि मी त्यांचं जुनं गिऱ्हाईक, त्यामुळे भांडणाला काही उपचार लागत नाही. मी लादीचा विषय काढताच त्यांनीच कपाळाला हात लावला. म्हणाले, काय करू, गेल्या वर्षी नवी बोअर घेतली, जबरदस्त मोठी मोटर बसवली, पण आमचा मोटरवाला सांगतो की बुधवारी संध्याकाळी ती तापते, म्हणून तासभर बंद ठेवावी लागते. मोटर बंद म्हणजे यंत्र थंड करायला पाणी नाही, म्हणून यंत्रही बंद, म्हणून लादी कच्ची.

बाईंनी शांतपणे विचारलं, "मोटरीला वार कळतात का हो?"

मग आम्ही त्यांना आडाची सगळी गोष्ट सांगितली. मोटर चालली की आडाचं पाणी भेगेतून इकडे ओढलं जातं आणि ती बंद झाली की आडात परत चढतं, हेही सांगितलं. माणूस जाडजूड आणि हसरा, पण त्यांचा चेहरा लाल सरबतासारखा झाला. माझ्या मोटरीवर कोणाचा देव चालतो, ते बघतोच, म्हणाले. येत्या बुधवारी ते स्वतः मोटरच्या खोलीत खुर्ची टाकून बसणार आणि बाईंचा फोन आल्याशिवाय बटणाला कोणालाही हात लावू देणार नाहीत, असं ठरलं. मला धावत जाऊन ताईला सांगायचं होतं. बाईंनी अडवलं. सांगून पटायचं असतं तर मागेच पटलं असतं, तिला बघू दे, असं त्यांचं म्हणणं पडलं. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. पोटात गोष्ट राहत नाही माझ्या.

बुधवार आला. अंगणात नेहमीपेक्षा दुप्पट गर्दी होती, कारण किल्ली द्यायची होती. फाटकाची ती जाडी लोखंडी किल्ली ताईने धुतलेल्या रुमालात गुंडाळून हातात धरली होती. मी हातगाडी फाटकाशी लावली. लादी गोणपाटाखाली झाकलेली, लाल सरबताचा जग शेजारी.

बाबांनी काठी आपटली. डोळे मिटले. पुटपुट सुरू झाली. बांबूवरचा पहिला पट्टा कोरडा. बाबांनी आवाज वाढवला. पट्टा कोरडाच. बाबांनी पहिल्या कुलपाला हाक मारली, दुसऱ्याला दरडावलं, तिसऱ्याला लाडीगोडी लावली. लोक कठड्यावर वाकून वाकून मान अवघडून घेत होते. शेवटी बाबांचा घसा बसला, त्यांनी पाणी मागितलं, आणि पाणी मागितल्यावर मागे कोणीतरी फिसकन हसलं.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत, धापा टाकत एक इसम आला. तेलकट कपडे, हातात पाना. कारखान्याचा मोटरवाला. तो सरळ गादीपाशी गेला, बाबांच्या कानाला लागला आणि कुजबुजला. बिचाऱ्याच्या एक लक्षात आलं नाही. बाबांच्या तोंडासमोर मायक्रोफोन होता.

"मामा," चारही भोंग्यांतून खणखणीत आवाज आला, "मालक मोटर बंद करू देत नाहीत."

बाबांनी मायक्रोफोनवर हात ठेवला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. तरी गडी मुरलेला. काठी माझ्याकडे रोखून म्हणाले, इथे एक नास्तिक आहे, त्याच्या पापी सावलीने पाणी अडलंय. आणि मोटर, कारखाना असं काही कोणी म्हणेल, पण कारखाना कुठे, आड कुठे. शेजारची विहीर हलत नाही आणि टेकाडापलीकडची मोटर इथलं पाणी हलवेल?

लोकांनी माना डोलावल्या. खोटं कशाला बोलू, प्रश्न बिनतोड होता. आठवड्यापूर्वी मी तिथेच आपटलो होतो.

मी गोणपाट काढलं. लादी टेबलावर ठेवली आणि टोच्याने एक दणका दिला. ताईला हाताला धरून समोर आणलं. "हा आपल्या पायाखालचा दगड," मी म्हणालो. "ही भेग. इकडे कारखाना, तिकडे आपला आड. आणि भेगेच्या बाजूला हे सुतारकाका." आणि सरबत ओतलं. लाल धार भेगेतून सरसरत गेली आणि दुसऱ्या टोकाला ताईच्या पावलांवर ठिबकली. काकांची जागा पांढरीच राहिली. सुतारकाका वाकून बघत राहिले आणि म्हणाले, एवढंच होय.

"बाबांनी सांगितलं तसं मी दगडाला विचारलं," मी म्हणालो. "आता चमत्कार माझा." बाईंनी कारखान्यात फोन लावला. मी गाडीची घंटा वाजवली, डोळे मिटले आणि बाबांसारखंच नाकातून पुटपुटायला लागलो. व्हॅनिला, स्ट्रॉबेरी, पिस्ता, चॉकलेट. तेच फिरून फिरून. लोक हसायला लागले. तोवर माझ्या मदतीला असलेल्या बायकोने आइस्क्रीम वाटायला घेतलं, कारण पाणी यायला वेळ लागतो आणि रिकामी गर्दी वाईट. लोकांचे चमचे अजून चाटून व्हायचे होते तोच कठड्याजवळचे ओरडले, पहिला पट्टा गेला. मग दुसरा. बाबा चटकन उभे राहिले आणि म्हणाले, बघा, माझ्या मंत्राचं फळ उशिरा आलं.

बाई पुढे आल्या. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाशी बोलतात त्या सुरात म्हणाल्या, "छान. आता उतरवून दाखवा."

चढवायचे मंत्र बाबांकडे पोत्याने होते, उतरवायचा एकही नव्हता. बाईंनी पुन्हा फोन केला, मी पुन्हा घंटा वाजवली. आणि काय सांगू, थोड्या वेळाने बांबूवरचा ओला पट्टा हळूच वर डोकं काढायला लागला. लोक टाळ्या पिटायला लागले. कोणीतरी म्हणालं, गारेगारबाबा की जय. मी त्याला म्हणालो, जय राहू दे, आइस्क्रीमचे पैसे दे.

या गडबडीत बाबा कधी निसटले कळलंच नाही. मोटरवाला मात्र सापडला आणि तो पाना खाली ठेवून सगळं भडाभडा बोलला. नवी मोटर एकदा जळली होती, तेव्हा तो ताईकडे गणवेश न्यायला आला होता. ताई आडाशी उभी राहून, पाणी आलं, पाणी आलं म्हणत होती. ते त्याने घरी मामांना सांगितलं. मामांनी तोवर काही धंदा जमवला नव्हता.

ताई कठड्यावर हात टेकून आत बघत उभी होती. मला भीती वाटली, की सगळ्यांसमोर फजिती झाली म्हणून ती आता माझ्यावर बरसणार. मी जवळ गेलो. तिने मान वर केली तर डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा कित्येक महिन्यांनी मोकळा दिसत होता.

"म्हणजे हे माझ्यावर रुसले नव्हते," ती म्हणाली.

एवढा तोंडाळ माणूस मी, पण नुसती मान हलवली. त्या भामट्याने अंगण मागितलं याचा राग मी कदाचित गिळला असता. पण इतके आठवडे माझ्या ताईला रोज सकाळी आडात डोकावून मेलेल्या नवऱ्याची माफी मागायला लावली, ते मी गिळणार नाही.

ताईने डोळे पुसले, रुमालातून किल्ली काढली आणि ती कमरेला खोचून सरळ कारखान्याची वाट धरली. मागे आम्ही सगळे. तिथे तिने मालकांना जे काही ऐकवलं, ते ऐकून माझं डोकंसुद्धा थंड वाटायला लागलं. तुम्ही गार बर्फ करता आणि माझी चूल विझवता, असं बरंच काही. मालकांनी कान पकडले. आपली मोटर कोणाच्या तोंडचं पाणी ओढतेय, हे त्यांच्या खरंच गावी नव्हतं. आता पहाटेपासून दुपारपर्यंत मोटर बंद असते, ते आधीच टाकी भरून ठेवतात आणि यंत्र त्या पाण्यावर चालतं. त्या वेळात ताईचे हौद भरतात. आड पूर्वीसारखा काठोकाठ नाही, पण लॉन्ड्री चालते. बाबांची पितळी टोकाची काठी गादीवर विसरली होती. ताईने ती चादरींच्या दोरीला टेकू म्हणून लावली आहे आणि ती अजून छान काम देते. माझी गुरुवारची लादीही आता ठणठणीत येते.

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. चमत्कार दिसला तर डोळे मिटू नका आणि खोटं आहे म्हणून पाठही फिरवू नका. जवळ जा, नीट बघा आणि बाईंसारखं विचारा, आता उलटं करून दाखवता का? आणि तुमचा पहिला अंदाज चुकला तर माझ्यासारखं लाजून घरी बसू नका, दुसरा करा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो खरं, पण आडात का नाही, हे विचारायचं राहून जातं. पाणी कोणावर रुसत नाही. ते खाली गेलं असेल तर कुठेतरी कोणीतरी ते उपसत असतं. त्याचं दार शोधा आणि ठोठावा.